जुनी छोटी एसयूव्ही: कुठलं काम आधी काढायचं आणि खर्च कुठे वाचतो

गाडी दहा वर्षांची झाली, लाख-दीड लाख किलोमीटर पळाली की एकेक काम निघायला लागतंच, त्यात घाबरण्यासारखं काही नाही. मी आतापर्यंत जी मोठी बिलं बघितली ती बहुतेक वेळा एखाद्या किरकोळ पार्टकडे दुर्लक्ष केल्यामुळेच आलेली होती, म्हणून काम काढायचा क्रम ठरवून घ्या.

सगळ्यात आधी कूलिंग बघा. सकाळी थंड इंजिनवर कूलंटच्या टाकीतली लेव्हल बघायची आणि खूण करून ठेवायची. माझ्या गाडीत आठवड्याला बोटभर कूलंट कमी व्हायचं, खाली जमिनीवर एक ठिपका नाही, त्यामुळे मी दोन महिने नुसतं टॉपअप करत राहिलो. शेवटी टॉर्च घेऊन नीट बघितलं तर वरच्या होजच्या (रेडिएटरच्या रबरी नळीच्या) क्लॅम्पपाशी वाळलेला गुलाबीसर पांढरा थर दिसला, म्हणजे गाडी तापली की तिथून झिरपायचं आणि गरम इंजिनवरच वाळून जायचं. होज आणि क्लॅम्प बदलला, अर्ध्या तासात काम झालं. हेच तसंच सोडलं असतं तर एक दिवस गाडी तापली असती, ॲल्युमिनियमचं हेड (इंजिनचा वरचा भाग) वाकलं असतं आणि हेड गॅस्केटचं, म्हणजे हेड आणि इंजिनमधल्या सीलचं, काम निघालं असतं. गॅस्केट स्वतः काही फार महाग नसतं हो, पण हेड उतरवणं, फेसिंग (हेड घासून सपाट करणं), नवे बोल्ट आणि दोन-तीन दिवसांची मजुरी यात बिल कुठल्या कुठे जातं.

हेड गॅस्केट गेल्याची लक्षणं म्हणजे कूलंट गायब होणं, इंजिन गरम झाल्यावरही सायलेन्सरमधून गोडसर वासाचा पांढरा धूर, ऑइलच्या झाकणाखाली साय धरल्यासारखा थर. पण नुसती साय दिसली म्हणून लगेच इंजिन उघडू नका, थंडीत रोज दोन-चार किलोमीटरच गाडी चालवली तरी ओलाव्यामुळे तसं होतं. आणि काटा वर चढायला लागला तर एसी बंद, हीटर फुल, बाजूला घेऊन इंजिन बंद, झाकण मात्र गरम असताना अजिबात उघडायचं नाही.

दुसरं, टायमिंग बेल्ट, म्हणजे व्हॉल्व्ह आणि पिस्टनचा मेळ राखणारा पट्टा. रबरी बेल्ट असेल तर मॅन्युअलमध्ये किलोमीटर आणि वर्षं दोन्ही दिलेली असतात, जे आधी पूर्ण होईल ते धरायचं. बऱ्याच इंजिनांत बेल्ट तुटला की व्हॉल्व्ह पिस्टनवर आदळतात, मग इंजिनचंच काम. बेल्ट बदलताना टेन्शनर (बेल्ट ताणून धरणारा पार्ट) आणि (पंप त्याच बेल्टवर चालत असेल तर) वॉटर पंपही बदलून टाका, कारण मजुरी खोलण्याची असते आणि ती एकदाच द्यायची. बेल्टऐवजी चेन असेल तर सकाळी स्टार्ट केल्यावर काही सेकंद खडखड होते का ते ऐका, ऑइल वेळेवर बदललं नाही की चेन आणि टेन्शनर लवकर झिजतात.

आता आवाज. काच खाली करून स्पीड ब्रेकरवरून हळू जा. हलकी टकटक आली तर बहुतेक लिंक रॉड (सस्पेन्शनची छोटी दांडी), हे स्वस्त काम. जड धप आवाज आला तर शॉकॲब्सॉर्बर, त्याचं माउंटिंग किंवा लोअर आर्मचे बुश (सस्पेन्शनच्या खालच्या दांड्याचे रबर). स्टिअरिंग पूर्ण वळवून पुढे जाताना कटकट आली तर एक्सलचा जॉइंट. इथे एक गोष्ट मनापासून सांगतो, दर सर्व्हिसला चाकाच्या आतल्या बाजूला ग्रीस उडालंय का बघत चला, कारण जॉइंटवरचं फाटलेलं रबरी बूट (कव्हर) लगेच बदललं तर जॉइंट वाचतो, आत धूळ गेली की अख्खा एक्सल बदलायची वेळ येते. स्पीडबरोबर वाढणारी घूंऽऽ अशी घरघर व्हील बेअरिंगची असते किंवा टायरची, आधी टायर पुढे-मागे बदलून बघा, आवाजाची जागा बदलली तर दोष टायरचा.

गाडी चारही चाकांवर ओढणारी असेल तर चारही टायर एकाच साइजचे आणि साधारण सारखे झिजलेले हवेत, नाहीतर मागच्या चाकांना ताकद पोचवणाऱ्या कपलिंगवर कायम ताण येतो आणि ते काम खरंच महाग आहे. मागच्या डिफरन्शियलचं ऑइलही बदलायचं असतं, भरपूर लोक ते विसरतात.

क्लच तपासायचा तर वरच्या गिअरमध्ये कमी स्पीडला ॲक्सिलरेटर दाबा, आरपीएम वाढले आणि गाडी पळेना म्हणजे प्लेट संपली. गिअरबॉक्स उतरवावाच लागतो, म्हणून प्लेट, प्रेशर प्लेट, रिलीज बेअरिंग एकत्रच, आणि क्रँकचं मागचं सील गळतंय का तेही तेव्हाच बघून घ्या.

चेक इंजिनचा दिवा लागला तर आधी स्कॅन करून गाडीतला एरर कोड वाचा, पण कोड म्हणजे निदान नाही. पी ०४२० आला म्हणजे कॅटॅलिटिक कन्व्हर्टर (एक्झॉस्टचा धूर साफ करणारा पार्ट) गेलाच असं नसतं, एक्झॉस्टची गळती किंवा सेन्सरही असू शकतो. दिवा ब्लिंक होत असेल तर मात्र ॲक्सिलरेटर सोडा, ते मिसफायर (सिलिंडरमध्ये पेट्रोल नीट न जळणं) असतं आणि न जळलेलं पेट्रोल कन्व्हर्टर जाळून टाकतं, एका स्वस्त प्लग किंवा कॉइलपायी. बॅटरी बंद गाडीत १२.६ व्होल्टच्या आसपास आणि चालू गाडीत साधारण १३.८ ते १४.५ दाखवते, चालू असतानाही १२ वरच अडकली तर अल्टरनेटर (बॅटरी चार्ज करणारा पार्ट) बघा, उगाच नवी बॅटरी घेऊ नका.

गॅरेजमध्ये पार्ट आणि मजुरी वेगवेगळी लिहून मागा, जुना पार्ट बघायला मागा, आणि "हे खोललं की अजून काय हाताशी येतं?" हे नक्की विचारा. लिंक रॉड, बुश चांगल्या आफ्टरमार्केट (गाडीच्या कंपनीव्यतिरिक्त दुसऱ्या) कंपनीचे चालतात, सेन्सर, थर्मोस्टॅट आणि बेल्टला ओरिजिनलच बरं. आरसा, दरवाजा, लाइट जुना घेतला तरी हरकत नाही, ब्रेकचं सामान कधीच जुनं नको.

आणि यातलं कुठलंही मोठं काम करायच्या आधी गाडी लिफ्टवर घेऊन खालचा गंज बघून घ्या. वरवरचा तांबूस थर चालतो, पण सस्पेन्शन जिथे चेसिसला बसतं तिथे स्क्रूड्रायव्हर दाबल्यावर पत्रा आत जात असेल तर बाकी सगळी कामं थांबवा, कारण बोल्ट धरणारा पत्राच राहिला नसेल तर त्यावर नवीन सस्पेन्शन बसवून काही उपयोग नाही.