चढावर गाडी उचलताना हँडब्रेकचं बटण दबेना तेव्हा

लायसन्स मिळून सव्वा महिना झाला होता. रविवारी सासवडला निघालो आणि दिवे घाटात निम्म्यावर ट्रॅफिक थांबलं. खाली मस्तानी तलाव, मागे डिकीला चिकटलेला टेम्पो. पुढचे हलले. पहिला गिअर, क्लच हळूहळू वर, इंजिनचा आवाज जड झाला, बॉनेट किंचित उचललं; सगळं शिकवल्यासारखं. हँडब्रेकचं बटण मात्र दबेना. त्या झटापटीत डावा पाय सुटला, गाडी बंद. पुन्हा चालू केली, क्लच तळाला दाबून धरला आणि दोन्ही हातांनी लिव्हर ओढली. बटण दबलं, हँडब्रेक सुटला, गाडी मागे! कसाबसा ब्रेक दाबला. टेम्पोचा क्लीनर उतरला, मुकाट्याने मागच्या चाकाला दगड लावला.

तर ते बटण. लिव्हरखाली दाते असतात, त्यांत एक खिट्टी अडकते. भीतीपोटी आपण लिव्हर जीव खाऊन ओढतो, मग केबलचा सगळा ताण त्या खिट्टीवर येतो. नुसता अंगठा दाबून ती निघत नाही. लिव्हर आधी केसभर वर ओढायची, मग बटण दाबायचं आणि दाबलेलं ठेवूनच लिव्हर पार खाली न्यायची. आधी वर. मग बटण. अर्धवट सोडलात तर लाल दिवा जळत राहतो आणि मागची चाकं घासत चढतात. आणि हे सगळं क्लच पकडल्यावरच, म्हणजे पाय हळूहळू वर घेताना इंजिनचा आवाज जड होऊन बॉनेट उचललं की. क्लच तळाला असताना हँडब्रेक सोडलात तर माझ्यासारखा दगड लागेल.

शिकताना हे कळलं कसं नाही? क्लासच्या गाडीत सरांच्या पायाखालीही ब्रेक-क्लच असतो. चढावर गाडी मी नाही, ते उचलत होते. माझं मत विचाराल तर क्लास संपला की घरच्या गाडीवर आठवडाभर कोणाला तरी शेजारी बसवा. फक्त ‘अरे सोड, सोड’ ओरडणारा मामा नको.

मित्र सांगतील, हँडब्रेक कशाला, हाफ क्लचवर, म्हणजे क्लच अर्धा दाबून, गाडी धर. दोन मिनिटं धरून बघा, जळका वास येईल. क्लचप्लेटचं बिल मित्र भरत नाही.

घाबरू नका, हात बसतो. सोसायटीच्या पार्किंगचा रॅम्प पहाटे मोकळा असतो, मागे कोणी नाही बघून तिथेच घोटवा. हँडब्रेक ओढलेला ठेवून आधी नुसतं बॉनेट उचललेलं ओळखायला शिका, दहादा. मला विसाव्या वेळी जमलं. वॉचमन तेव्हाही लांबच उभा होता.