दरवर्षी परत येणारा प्रॉब्लेम कागदावर कसा मांडायचा

काही प्रॉब्लेम एकदाच येतात, निस्तरले की विषय संपला, त्यांच्यासाठी हे नाहीये. साहेब बदलले, सरकार बदललं, नवीन मॅनेजर आला तरी वर्षभरात जसेच्या तसे परत समोर उभे राहतात, त्यांच्यासाठी आहे. नाशिकमध्ये उदाहरणं शोधायला लांब जायला नको, कांद्याचा भाव घ्या, गोदावरीतल्या पानवेली घ्या, नाहीतर अंबड-सातपूरच्या औद्योगिक वसाहतीतल्या एखाद्या वर्कशॉपमधला स्टॉक घ्या, जो एक तर संपलेला असतो नाहीतर जागा मिळेल तिथे रचून ठेवलेला असतो. अशा वेळी आपण आधी माणूस शोधतो. व्यापारी लबाड, अधिकारी झोपलेला, परचेसवाला बिनकामाचा. असतीलही काही तसे, पण माणूस बदलून पण तेच होत असेल तर गडबड रचनेत आहे, आणि रचना कागदावर काढता येते. याला सिस्टीम थिंकिंग म्हणतात, आणि त्याला सॉफ्टवेअर लागत नाही, एक मोठा कागद, पेन्सिल आणि खोडरबर पुरतं.

खरंच पुरतं. अमेरिकेतल्या एमआयटी या तंत्रज्ञान विद्यापीठाचे प्राध्यापक जे राइट फॉरेस्टर, मूळचे इलेक्ट्रिकल इंजिनिअर, यांनी १९५० च्या दशकात यातली सिस्टीम डायनॅमिक्स ही शाखा सुरू केली तीच मुळात वहीवर. जनरल इलेक्ट्रिकच्या केंटकीतल्या घरगुती उपकरणांच्या कारखान्यांत कधी तीन-चार शिफ्ट चालायच्या आणि थोड्या वर्षांनी निम्म्या कामगारांना घरी बसवायची वेळ यायची, आणि सगळे म्हणायचे बाजारच असा आहे. फॉरेस्टरनी तिथले भरतीचे आणि स्टॉकचे नियम विचारून घेतले, वहीत आठवड्या-आठवड्याची आकडेमोड हाताने केली आणि दाखवलं की बाहेरून येणाऱ्या ऑर्डरी अगदी सारख्या ठेवल्या तरी हे नियमच चढउतार तयार करतात.

पहिलं काम म्हणजे ग्राफ. आडवा वेळ, उभं ते जे आपल्याला छळतंय. कांदा धरूया. आजचा भाव बघून काहीच कळत नाही, निदान पाच वर्षांचे महिनावार भाव घ्या, लासलगाव बाजार समितीचे आवक आणि भावाचे आकडे मिळतात, ते मांडा आणि त्याच्यावर वेगळ्या रंगाने सरकारचे निर्णय टाका. सप्टेंबर २०१९ निर्यातबंदी. मार्च २०२० उठली. सप्टेंबर २०२० परत बंदी. जानेवारी २०२१ उठली. ऑगस्ट २०२३ ला ४० टक्के निर्यातशुल्क, ऑक्टोबरला टनाला ८०० डॉलर किमान निर्यातमूल्य (याच्या खालच्या भावाने निर्यात करता येत नाही), ८ डिसेंबर २०२३ ला पूर्ण बंदी, ४ मे २०२४ ला बंदी उठली पण ५५० डॉलर किमान मूल्य आणि ४० टक्के शुल्क राहिलं, सप्टेंबर २०२४ ला किमान मूल्य गेलं आणि शुल्क २० वर आलं, १ एप्रिल २०२५ ला तेही गेलं. हे सगळं एका कागदावर आलं की पहिल्यांदा जाणवतं की निर्णय हा भावावरचा इलाज आहेच पण भावाच्या पुढच्या लाटेचं एक कारण पण आहे. ग्राफ न काढता जे लोक थेट उपायावर उडी मारतात त्यांच्याशी वाद घालू नका, ग्राफ काढून टेबलावर ठेवा.

दुसरं, साठा कुठे आहे ते शोधा. साठा म्हणजे जे साचतं: चाळीतला, म्हणजे कांदा साठवायच्या हवेशीर शेडमधला कांदा, धरणातलं पाणी, टेबलावरच्या फायली, कामगारांचा अनुभव, लोकांचा विश्वास. साठा एका दिवसात बदलत नाही, तो येणाऱ्या-जाणाऱ्यानेच बदलतो. उन्हाळ कांदा मार्च ते मे निघतो, चाळीत जातो आणि दिवाळीच्या आसपासपर्यंत पुरवून पुरवून विकला जातो. चाळीतून बाहेर जायचे रस्ते मोजा बरं, विक्री तर आहेच, पण वजन घटतं, सडतो, कोंब येतात. जुलै-ऑगस्टमध्ये हवा दमट झाली की चाळीजवळ उभं राहिलं तरी वास येतो, खालच्या थरात हात घातला की ओला लागतो, मग निवड करून खराब माल बाजूला काढायचा आणि उरलेला भावाची वाट न बघता विकायचा का ठेवायचा हे ठरवायचं. म्हणजे शेतकरी साठवणूक करतो असं मुंबईत-दिल्लीत जे म्हणतात, त्यांनी या साठ्याला किती गळती आहे ते कागदावर लिहूनच बघावं. आणि महत्त्वाचं म्हणजे लाल कांद्याला, जो साधारण ऑक्टोबरपासून येतो, हा साठा नाहीच. तो टिकत नाही. काढला की विकायचा. एकाच पिकाच्या दोन हंगामांची रचना इतकी वेगळी आहे आणि नियम मात्र दोघांना एकच लागतो.

आता बाण काढा. भाव वाढला की लागवड वाढते, लागवड वाढली की आवक वाढते, आवक वाढली की भाव पडतो. प्रत्येक बाणावर खूण करायची, दोन्ही एकाच दिशेने जात असतील तर अधिक, उलट दिशेने जात असतील तर उणे. वर्तुळ पूर्ण झालं की उणे खुणा मोजा. विषम आल्या, म्हणजे एक किंवा तीन, तर ते वर्तुळ स्वतःला आवरणारं आहे. सम आल्या किंवा एकही नसेल तर ते वाढत जाणारं, चांगलं असेल तर चांगलं वाढत जाईल आणि वाईट असेल तर वाईट. कांद्याचं वर्तुळ एका उणेचं आहे, म्हणजे आवरणारं, मग ते शांत का होत नाही?

उशिरामुळे. माझ्या मते या सगळ्या पद्धतीतली सगळ्यात मोलाची आणि सगळ्यात दुर्लक्षित गोष्ट ही आहे म्हणून इथे वेळ घ्या. रोप टाकण्यापासून माल मार्केटला यायला पाच-सहा महिने. ऑक्टोबरचा तेजीचा भाव बघून जो निर्णय झाला त्याचा माल येतो तेव्हा त्याच भावाकडे बघून निर्णय घेतलेले निफाड-येवला-चांदवडचेच नाही तर दुसऱ्या राज्यातले पण शेतकरी रांगेत असतात. अर्थशास्त्रात याला कॉबवेब, म्हणजे कोळ्याचं जाळं म्हणतात, निकोलस काल्डॉर यांनी १९३४ मध्ये दिलेलं नाव आहे. यात कोणी मूर्ख नाही, प्रत्येकाने समोर दिसणाऱ्या भावावर शहाणपणानेच ठरवलंय. त्याच्यावर सरकारचा उशीर बसतो. शहरातला किरकोळ भाव चढतो, मग ओरड होते, मग बैठक होते, मग आदेश निघतो. डिसेंबर २०२३ ची बंदी आली तेव्हा शेतात होता तो न टिकणारा लाल कांदा, त्यामुळे फटका थेट त्याच आठवड्यातल्या लिलावाला बसला, लिलाव बंद पडले, चांदवडला रास्ता रोको झाला. म्हणून कागदावर प्रत्येक बाणाच्या पोटात दोन आडव्या रेघा मारून तिथे दिवस, आठवडे, महिने काय लागतं ते लिहायचंच. ज्या बाणावर उशीर लिहिलेला नाही तो बाण अर्धवट.

याच चित्रात एक संथ वर्तुळ पण आहे जे घाईत सुटतं. बंदी आली की बांगलादेश, श्रीलंका, मलेशियाचा खरेदीदार दुसरीकडे माल बघतो, त्याचा भरवसा कमी होतो, पुढच्या तेजी-मंदीत आपल्याकडे बाहेरची मागणी कमी असते, म्हणजे भाव आणखी पडतो. इथे साठा आहे तो भरवशाचा. तो भरायला वर्षं लागतात आणि रिकामा एका आदेशाने होतो.

हेच कारखान्यात लावून बघा, आणि इथे आकडे घ्या कारण आकड्यांशिवाय मॅनेजर मंडळी मान्य करत नाहीत. समजा अंबडमध्ये जॉबवर्क करणारं युनिट आहे, आठवड्याला ४०० पीसची मागणी, चार आठवड्यांचा स्टॉक ठेवायचा नियम, म्हणजे १६००, आणि माल यायला तीन आठवडे. मागणी ४४० झाली, फक्त १० टक्के वाढ. या आठवड्यात आले ४०० गेले ४४०, स्टॉक राहिला १५६०. नवीन नियमाने स्टॉक हवा १७६०, म्हणजे २०० कमी. परचेसवाला मागवतो ४४० अधिक २००, ६४०. दहा टक्क्यांच्या वाढीची पुरवठादाराकडे जाईपर्यंत साठ टक्के झाली! आणि त्याने वाटेत असलेला माल धरला नाही तर पुढच्या आठवड्यात स्टॉक १५२० दिसतो, २४० कमी दिसतात, तो ६८० मागवतो, कारण आधीचे जादाचे अजून पोचलेच नाहीत. तीन आठवड्यांनी सगळं एकदम गेटवर. मग ऑर्डर बंद, पुरवठादार बोंबलतो, त्याने घेतलेली जादा माणसं घरी. इथे परचेसवाल्याला मेमो देऊन काही होणार नाही, तो नियम तंतोतंत पाळतोय. स्टॉकच्या शीटमध्ये हातात किती याच्या शेजारी वाटेत किती हा एक कॉलम टाका आणि गिऱ्हाइकाची खरी विक्री पुरवठादारालाही दिसू द्या, झटके बरेच कमी होतात. एमआयटीने १९६० च्या दशकात यावर बीअर गेम नावाचा एक खेळ तयार केला, चार जणांची साखळी आणि प्रत्येकाला फक्त शेजाऱ्याची ऑर्डर दिसते, आणि शिकलेली माणसं पण त्यात हमखास गोंधळ घालतात. टीमला घेऊन एक दुपार तो खेळा, दहा प्रेझेंटेशनपेक्षा जास्त समजेल.

मग हात कुठे घालायचा. सिस्टीम थिंकिंगच्या अमेरिकन अभ्यासक डोनेला मेडोज यांनी १९९९ मध्ये अशा १२ जागांची उतरंड मांडली होती, सगळी पाठ करायची गरज नाही, एवढं धरा की आकडे वरखाली करणं, म्हणजे अनुदान थोडं वाढव, शुल्क थोडं कमी कर, याचा जोर सगळ्यात कमी, आणि माहिती कोणाला दिसते, नियम कोण करतं, ध्येय काय धरलंय यांचा जोर जास्त. आपल्याकडे मात्र भांडण चालतं ते आकड्यांवरच.

ध्येयाचं उदाहरण पानवेलींचं. सांडपाण्यातलं नायट्रोजन आणि फॉस्फरस नदीत येतं त्याच्यावर त्या पोसल्या जातात. ध्येय जर किती टन काढल्या हे धरलं तर दरवर्षी काढायचं काम उत्तम होईल आणि दरवर्षी त्या परत येतील, कारण जो साठा आहे तो पाण्यातल्या खताचा, पानवेल हा त्याचा दिसणारा भाग. ध्येय नदीला मिळणाऱ्या प्रत्येक नाल्याच्या पाण्याची गुणवत्ता हे धरलं की मोजमाप बदलतं, जाब विचारायचं टेबल बदलतं, पैसा कुठे जातो ते बदलतं.

आणि माहिती-नियमाचं उदाहरण म्हणून दिंडोरी तालुक्यातलं वाघाड धरण जाऊन बघाच, मला ते नाशिक जिल्ह्यातलं यातलं सगळ्यात मोठं काम वाटतं. कालव्याच्या शेपटाला, ओझरकडे, पाणी पोचायचं नाही. वर्तुळ असं असतं की शेपटाला पाणी नाही म्हणून पाणीपट्टी भरायची इच्छा नाही, पट्टी नाही म्हणून दुरुस्ती नाही, दुरुस्ती नाही म्हणून गळती, गळती म्हणून शेपटाला आणखी कमी पाणी. १९९० च्या आसपास समाज परिवर्तन केंद्र या स्वयंसेवी संस्थेच्या पुढाकाराने तिथे पाणीवापर संस्था उभ्या राहिल्या आणि पुढे अख्ख्या प्रकल्पाचं वाटप शेतकऱ्यांच्याच संस्थांकडे आलं. पाणी मोजून घ्यायचं, मोजलं त्याचे पैसे द्यायचे, पीक कोणतं ते शेतकऱ्याने ठरवायचं, आणि पाणी शेपटाकडून सुरू करत वर यायचं. धरण तेच, नदी तीच! बदललं ते किती पाणी घेतलं ही माहिती आणि आधी कोणाला हा नियम. राज्याने २००५ मध्ये शेतकऱ्यांकडून सिंचन व्यवस्थापनाचा कायदा केला त्यात घनमापनाने, म्हणजे किती घनमीटर घेतलं ते मोजून, पाणी देणं आलं.

आता प्रत्यक्ष बसायचं कसं. सहा-सात जणांपेक्षा जास्त नको, पण त्यात चाळीचा मालक, आडत्या, हमाल, मशीनवरचा ऑपरेटर, काउंटरवरचा क्लार्क असे निदान दोन जण हवेतच, कारण उशीर किती लागतो हे त्यांनाच नेमकं माहीत असतं, साहेबांना कागदावरचा उशीर माहीत असतो. साहेबांना शेवटी बोलू द्या. पहिल्या तासात उपाय हा शब्द निघाला तर थांबवा आणि तो कोपऱ्यात लिहून ठेवा. सीमा लहान ठेवा, जगातल्या सगळ्या कारणांचे बाण काढले तर कागद काळा होतो आणि कोणालाच काही दिसत नाही, ज्या गोष्टीने ग्राफ हलत नाही ती बाहेर. एक बदल निवडला की लगेच विचारा, याने कोणाचं नुकसान होणार आहे आणि तो काय करेल, कारण तो गप्प बसणार नाही, आणि त्याचं वागणं हा पण एक बाण आहे, तो काढा. एकाच मायनरवर (कालव्याच्या छोट्या फाट्यावर), कारखान्यातल्या एकाच लाइनवर करून बघा. कागदाच्या खाली तारीख टाकून लिहा की किती आठवड्यांनी ग्राफमध्ये काय दिसायला पाहिजे आणि काय दिसलं तर आपलं चित्र चुकलं असं धरायचं, आणि तो उशीर संपायच्या आत कोणी काही होत नाही म्हणून नियम परत बदलायला निघालं तर त्याला हाच कागद दाखवा.