पहिली कॅराव्हॅन ओढायला निघताय? वजनाच्या या चुका टाळा

आधीच सांगतो, आपल्याकडे कॅराव्हॅन म्हटलं की लोकांना शूटिंगवाल्यांची व्हॅनिटी व्हॅन आठवते, मी बोलतोय ती इंग्लंडातली, इंजिन नसलेली, कारच्या मागं अडकवून ओढत न्यायची चाकावरची खोली. इथल्या आपल्या बऱ्याच मराठी मंडळींनी अलीकडं घेतल्यात, शाळांच्या सुट्टीतले हॉटेलचे दर बघितले की कुणालाही सुचतंच ते, आणि नवीन माणसाचा पहिला फोन ठरलेला, "अरे माझी दोन लिटर डिझेल आहे, ओढेल ना?" ओढेल रे. ओढायचा प्रश्नच नाहीये, उतारावर मागचं धूड कारला ढकलायला लागलं तर काय, हा प्रश्न आहे आणि तिथं इंजिन कामाला येत नाही, तिथं कारचं स्वतःचं वजन कामाला येतं.

रिकाम्या वजनावर हिशोब करणं

ही माझी स्वतःची चूक, म्हणून पहिली. कॅराव्हॅनची दोन वजनं असतात. एक मायरो, म्हणजे कारखान्यातून निघाली तशी, तुमचं सामान नसलेली. दुसरं एमटीपीएलएम, म्हणजे सगळं भरून जास्तीत जास्त किती चालेल ते, आणि हे दाराजवळच्या प्लेटवर लिहिलेलं असतं. इथले कॅराव्हॅन क्लब नवशिक्याला सांगतात की कॅराव्हॅनचं वजन कारच्या कर्बवेटच्या, म्हणजे कारच्या रिकाम्या वजनाच्या, ८५ टक्क्यांच्या आत ठेवा, अनुभव आला की १०० पर्यंत जा, त्याच्या वर नको. हा कायदा नाही, सल्ला आहे, पण या ८५ टक्क्यांत बसवायचं ते कॅराव्हॅनचं एमटीपीएलएम.

माझ्या कारचं कर्बवेट १,४८० किलो. ८५ टक्के म्हणजे १,२५८. कॅराव्हॅनचा मायरो १,२४०, मी म्हटलं वा, ८४ टक्के, बसलं की गणित! एमटीपीएलएम होतं १,४००, म्हणजे जवळपास ९५ टक्के, ते मी वाचलं पण डोक्यात शिरलं नाही. पहिल्या ट्रिपहून आल्यावर वजनकाट्यावर नेली, कारपासून सोडवून एकटी तोलली, तर १,४५५. म्हणजे ८५ टक्के तर गेलेच, पण प्लेटवरच्या मर्यादेपेक्षाही ५५ किलो जास्त, आणि हे मात्र सरळसरळ बेकायदेशीर, रस्त्यात अडवून तोललं तर दंड होतो.

आले कुठून एवढे किलो? आधीच्या मालकानं मोटर मूव्हर, म्हणजे कारशिवाय कॅराव्हॅन जागच्या जागी हलवायची मोटर, बसवलेला, तो ३० किलोच्या आसपास. बॅटरी वीसेक किलो. ऑनिंग, म्हणजे कॅराव्हॅनला बाजूनं जोडायचा तंबू, त्याचे लोखंडी पाइप, भरलेला गॅस सिलिंडर. आणि मग आपलं घर, दहा किलो तांदूळ, दोन कुकर, लोखंडी तवा, आणि आईनं हळूच ठेवलेला दगडी खलबत्ता. पाण्याचा ४० लिटरचा रोलर, म्हणजे जमिनीवरून लोटत न्यायचा पिंप, मी घरूनच भरून घेतला होता, म्हणजे ४० किलो फुकटचे, अरे साइटवर नळ असतो!

कर्बवेटमध्येही एक गोम आहे, काही ठिकाणी ड्रायव्हरचे ७५ किलो त्यात धरलेले असतात, काही ठिकाणी नसतात, शिवाय एकाच नावाच्या गाडीच्या पेट्रोल न् डिझेल मॉडेलमध्ये बराच फरक पडतो, त्यामुळं मित्राची गाडी तीच आहे म्हणून त्याचा आकडा वापरू नका. दोन आकडे सापडले तर कमी असलेला धरा.

टोइंग लिमिट बघून खूश होणं

ब्रोशरमध्ये लिहिलेलं असतं १,८०० किलो ओढते. ही मर्यादा साधारणपणे कंपनी १२ टक्के चढावर थांबून परत गाडी उचलता येते का, यावरून ठरवते. म्हणजे ती इंजिन आणि क्लचची परीक्षा झाली. ६० मैलाच्या वेगानं शेजारून लॉरी गेल्यावर मागचं किती हलेल याचं उत्तर त्यात नाही. अर्थात ही मर्यादा कायद्याची आहे, ती ओलांडायचीच नाही, पण ती आणि ८५ टक्के यातलं जे कमी ते आपलं.

दाराच्या खांबावर किंवा बॉनेटखाली व्हिन प्लेट असते, तिच्यावर बहुतेक चार आकडे असतात. पहिला भरलेल्या कारचं कमाल वजन, दुसरा कार अधिक ट्रेलर दोन्हीचं कमाल वजन, उरलेले दोन पुढच्या-मागच्या ॲक्सलचे. दुसऱ्यातून पहिला वजा केला की ओढायची मर्यादा येते, २,००० आणि ३,५०० असेल तर १,५०० किलो. दुसरा आकडा नसेलच तर बहुतेक ती कार ओढण्यासाठी मंजूरच नाही, विषय संपला. हायब्रिड आणि इलेक्ट्रिकवाल्यांनी हे आधी बघा, त्या गाड्या स्वतः जड असतात त्यामुळं टक्केवारी मस्त येते पण मर्यादा आडवी येते, टेस्ला मॉडेल वायला १,६०० किलो आहे, काहींना तर शून्य.

आणि लायसन्सचा गैरसमज. १६ डिसेंबर २०२१ पासून ब्रिटनमध्ये साध्या कार लायसन्सवर ३,५०० किलोपर्यंतचा ट्रेलर ओढता येतो, वेगळी टेस्ट नाही. ही परवानगी तुम्हाला मिळाली, तुमच्या गाडीला नाही!

पुढचा भार न बघणं

हे समजावायला मला इंग्रजी पुस्तकापेक्षा आमच्या आजोबांची बैलगाडी बरी वाटते. गाडीत मागं जास्त भरलं की गाडी उलाळायची, जू वर उचललं जायचं आणि बैलांना काही सुधरायचं नाही. पुढं जास्त भरलं की जू मानेत रुतायचं. आजोबा धुरा हातानं उचलून बघायचे आणि एखादं पोतं पुढंमागं सरकवायचे, झालं. कॅराव्हॅनचं नोजवेट म्हणजे अगदी हेच, हुकावर खाली किती दाब पडतो ते. भरलेल्या वजनाच्या ५ ते ७ टक्के असावं म्हणतात, १,४०० किलोला ७० ते ९८. पण कारच्या टोबॉलची, म्हणजे कारच्या मागं हुक अडकवायच्या गोळ्याची, मर्यादा वेगळी, माझ्या कारची ८० आहे, कॅराव्हॅनच्या हुकाचीही वेगळी, सगळ्यात कमी असेल ती पाळायची.

पहिल्या ट्रिपला माझ्या दोन सायकली मागच्या रॅकवर, पाण्याचा रोलर मागच्या बाथरूममध्ये. नंतर तसंच भरून मोजलं तर नोजवेट ३५. उलाळ गाडी, दुसरं काय.

मोजायचं सोपं आहे, नोजवेट गेज मिळतो, नाहीतर बाथरूममधला वजनकाटा आणि लाकडाचा ठोकळा, हुक टोबॉलच्याच उंचीवर येईल एवढा, कॅराव्हॅन सपाट जागेवर आणि चाकांना अडण. जड सामान खाली आणि ॲक्सलवर, वरच्या कपाटात फक्त कपडे न् चिप्सची पाकिटं. नोजवेटचे ते ८० किलो कारच्या मागच्या ॲक्सलवर येतात हेही विसरू नका, डिकी गच्च आणि मागं आई-बाबा बसलेले असतील तर कारचीच मर्यादा आधी संपते.

डुलायला लागली तर

एक्सेटर सोडल्यावर ए३८ वर हॅल्डन हिल लागते. चढ संपला, उतार लागला, मी ५५ वर, शेजारून एक कोच गेली आणि मागून कुणीतरी हळूच डावीकडं ओढल्यासारखं झालं, मग उजवीकडं, मग परत. उसाच्या ट्रॅक्टरमागची दुसरी ट्रॉली कशी डुलत येते, तसं आरशात दिसत होतं, फक्त ट्रॅक्टर पंधराच्या स्पीडला असतो. मी स्टिअरिंग उलटं फिरवायला लागलो, त्यानं अजूनच वाढलं. शेवटी घाबरून पाय उचलला आणि तेच बरोबर होतं. ॲक्सिलरेटर सोडायचा, स्टिअरिंग सरळ धरायचं, जोरात ब्रेक नाही, वेग वाढवून सरळ करायला तर अजिबात जायचं नाही. थांबलं की बाजूला घेऊन सामान बघा. स्टॅबिलायझर होता माझ्याकडं, पण तो डुलणं कमी करतो, चुकीचं भरलेलं बरोबर करत नाही.

तसा वेग मुळात कमीच ठेवा, ट्रेलर असला की मधे दुभाजक नसलेल्या साध्या रस्त्यावर कमाल ५० मैल आणि ड्युअल कॅरेजवे, म्हणजे दुभाजकवाला रस्ता, न् मोटरवेवर ६०. मागची कॅराव्हॅन कारपेक्षा रुंद असेल तर जादा आरसे लागतातच.

घेऊन झाली असेल तर

विकायची घाई नको. ऑनिंग आणि पाइप कारच्या डिकीत टाका, त्यानं कॅराव्हॅन हलकी आणि कार जड होते, दोघांच्या प्रत्यक्ष वजनाचं प्रमाण दोन्हीकडून सुधारतं. पाणी रिकामं. काही जण कागदोपत्री एमटीपीएलएम वाढवून घेतात, काही मॉडेलना ते करता येतं, पण त्यानं फक्त जास्त भरायची सोय होते, तुमची कार तेवढीच राहते. मी सामान काढत काढत १,३६० वर आणली, म्हणजे अजून ९२ टक्के, वारा असला की जातच नाही, पुढची कार जड घेणार. खलबत्ता आता घरी.

ज्यांनी अजून घेतली नाही त्यांनी बघायला जाताना स्वतःच्या व्हिन प्लेटचा फोटो मोबाइलमध्ये ठेवा, तिथं गेल्यावर दाराजवळच्या प्लेटचा काढा, दोन्ही शेजारी ठेवून बघा आणि मगच ॲडव्हान्स द्या. मला विकणारा "आरामात ओढेल" म्हणाला होता. माझी कार दोन गल्ल्या सोडून उभी होती, त्यानं ती बघितलीसुद्धा नव्हती.