खोली बघायला दिवेलागणीला या

बेळगावात कॉलेजचे प्रवेश सुरू झाले की अनगोळ, भाग्यनगर, टिळकवाडीच्या गल्ल्यांतून आईवडील मुलांना घेऊन खोल्या बघत फिरताना दिसतात. खानापूर, चंदगड, निपाणी, गडहिंग्लजकडची माणसं. सकाळच्या बसनं येतात, भर दुपारी खोली बघतात, उन्हात गल्ली छान दिसते, डिपॉझिट देतात आणि परतीची बस चुकू नये म्हणून घाईनं निघतात. आमच्या घरी वरच्या मजल्यावर गेली चौदा वर्षं शिकणाऱ्या मुली राहतायत, म्हणून कळकळीनं सांगते, खोली बघायला दिवेलागणीला या. लायब्ररी, प्रॅक्टिकल आटपून मूल रोज ज्या वेळी परतणार, साडेसात म्हणा, आठ म्हणा, त्या वेळी कॉलेजच्या गेटपासून खोलीच्या दारापर्यंत त्याच्याबरोबर एकदा चालत या. कुठल्या खांबावर दिवा नाही, कुठल्या मोकळ्या प्लॉटवर टोळकी बसतात, कुत्री कुठे अंगावर येतात, कुठलं दुकान कधी शटर ओढतं, हे दुपारी कळत नाही. जवळचा बोळ अंधारा असेल तर दहा मिनिटं जास्तीची पण वर्दळीची वाट ठरवा आणि ‘रोज हीच’ असं मुलाला तिथंच उभं राहून सांगा.

उद्यमबागेत इंजिनिअरिंग कॉलेजं आणि फाउंड्र्या, म्हणजे ओतकामाचे कारखाने, शेजारी शेजारी आहेत. पाळी सुटायच्या वेळी लॉऱ्या आणि दुचाक्यांची झुंबड असते, तेव्हा पायी जाणाऱ्यानं रस्त्याची कड सोडू नये. मच्छेला विश्वेश्वरय्या तंत्रज्ञान विद्यापीठात जाणाऱ्यांना खानापूर रोड टळत नाही, तर भूतरामनहट्टीचं राणी चन्नम्मा विद्यापीठ पुणे-बेंगळूर महामार्गालाच लागून आहे. बस कुठे थांबते आणि महामार्ग कुठून ओलांडायचा, हे पहिल्या दिवसाआधी बघून ठेवा. दुभाजकावरून उडी मारणारी मुलं बघितली की माझ्या पोटात गोळा येतो. जून ते सप्टेंबर इथं पाऊस झोडपतो, म्हणून रेनकोट घ्याल तो पिवळा किंवा भगवा घ्या. काळा रेनकोट घातलेलं माणूस पावसात गाडीवाल्याला दिसतच नाही.

वाट ठरली की त्या वाटेवर तीन ओळखीची दारं करून ठेवा. एक मेडिकल, एक किराणा दुकान आणि एक बिऱ्हाडाचं घर. आईबाबांनी स्वतः जाऊन, चार वस्तू विकत घेऊन, ‘ही आमची मुलगी, इथं मागच्या गल्लीत राहणार आहे’ असं सांगावं. यात लाजण्यासारखं काही नाही. तीन वर्षांपूर्वी जुलैत आमच्याकडची चंदगड तालुक्यातली एक मुलगी रात्री नऊला बसमधून उतरली, तेव्हा धो धो पाऊस आणि वीज गेलेली. मोबाइल भिजून बंद पडला होता. कोपऱ्यावरच्या मेडिकलवाल्या काकांनी आपला फोन पुढे केला, पण तिला नंबर पाठ होता फक्त स्वतःचा. पोरगी तिथंच रडायला लागली. पहिल्याच आठवड्यात तिच्या वडिलांनी तिला त्या दुकानात नेलं होतं, म्हणून काकांनी तिला ओळखलं आणि गल्लीतल्या एकाला माझ्याकडे धाडलं. छत्री घेऊन गेले तर ती काउंटरच्या आत स्टुलावर बसली होती, हातात चहाचा कागदी कप, चप्पल एकच. तेव्हापासून नवीन येणाऱ्या प्रत्येक मुलीला मी घरचा, माझा आणि एका मैत्रिणीचा नंबर जाड कागदावर लिहून, वर प्लॅस्टिक लावून दप्तराच्या आतल्या कप्प्यात ठेवायला लावते. दोन नंबर तरी पाठ म्हणून दाखवायला लावते.

त्याच कागदावर 112 लिहा. पोलीस, रुग्णवाहिका, अग्निशमन, सगळ्याला हा एकच नंबर चालतो. पलीकडचा माणूस कन्नडमधून बोलायची शक्यता धरा. ‘सहाय माडि’ म्हणजे मदत करा, ‘निल्लिसि’ म्हणजे थांबवा, ‘हत्तिर’ म्हणजे जवळ, एवढे शब्द आणि आपल्या गल्लीजवळची एक ठळक खूण सांगता आली पाहिजे. रॅगिंगसाठी 1800-180-5522, ऑनलाइन पैसे गेले तर लगेच 1930. खोली न बघता, नुसत्या व्हॉट्सअॅपवरच्या फोटोंवर कुणालाही आगाऊ रक्कम पाठवू नका. घरमालक आधारची प्रत मागतात, ती पहिले आठ आकडे झाकलेली द्या.

खोलीत शिरल्यावर आधी बाथरूम बघा. आपल्याकडे थंडीत गरम पाणी लागतंच आणि पुष्कळ ठिकाणी गॅसचा गिझर असतो. तो बाथरूमच्या आत असेल आणि खिडकी बंद किंवा नसलीच, तर कार्बन मोनॉक्साइड साठतो. त्याला वास नाही, रंग नाही. अंघोळ करणारा चक्कर येऊन पडतो आणि दार आतून बंद असतं. गिझर बाहेर बसवून द्या म्हणून मालकाशी भांडा, नाही ऐकलं तर ती खोली सोडा. या एका गोष्टीत मी कुणाचीही भीड धरू नका म्हणते. मग दाराची आतली कडी, खिडकीचे गज आणि जिन्यातला दिवा.

सीमेपलीकडून येणाऱ्यांसाठी थोडं वेगळं. 11 जून 2023 पासून कर्नाटकच्या साध्या बसमध्ये बायकांना तिकीट नाही, पण ते इथल्या रहिवासी बायकांपुरतं. चंदगड, गडहिंग्लजच्या मुलींनी सुटे पैसे जवळ ठेवावेत, रात्री कंडक्टरशी वाद नको. बसमध्ये कुणी त्रास दिला आणि तो प्रकार शिनोळीच्या पुढे, म्हणजे महाराष्ट्राच्या हद्दीत घडला असला, तरी बेळगावच्या ठाण्यात तक्रार देता येते. 1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या कायद्यानुसार, हद्द आपली नाही म्हणून तक्रार नाकारता येत नाही. याला झिरो एफआयआर म्हणतात, हा शब्द मुलांना पाठ करायला लावा.

सीमाप्रश्न तापला की दोन्हीकडच्या बसगाड्या अचानक थांबतात. 1 नोव्हेंबरला, म्हणजे कर्नाटक राज्योत्सवाच्या आणि मराठी माणसांच्या काळ्या दिनाच्या दिवशी, रस्ते अडतात, तसेच डिसेंबरात इथल्या सुवर्ण विधानसौधमध्ये कर्नाटक विधिमंडळाचं अधिवेशन असतं तेव्हाही. त्या दिवसांत गावी जायचा बेत करू नका, गर्दीत थांबून मोबाइलवर चित्रण करू नका. बस थांबलीच तर रात्र काढायला शहरातलं एक घर आधीच ठरवून ठेवा, मावशीचं असो वा वडिलांच्या मित्राचं, आणि मुलाला एका रविवारी तिथं जेवायला पाठवा, म्हणजे अवघडल्यासारखं वाटून ते स्टँडवरच बसून राहणार नाही.