प्रोटॉनला ढकलू नका: क्लस्टरच्या गणितातल्या या चुका टाळा

बेळगावात एम.एस्सी.च्या प्रोजेक्टला भारीतला स्पेक्ट्रोमीटर कुठून मिळणार? म्हणून पोरं ऑर्कासारख्या, रेणूंचं गणित करणाऱ्या फुकटच्या सॉफ्टवेअरवर हायड्रोजन बंधाचे क्लस्टर, म्हणजे अशा बंधांनी जोडलेले रेणूंचे छोटे पुंजके, घेतात. रविवारी माझ्याकडे येतात तेव्हा तक्रार बहुधा एकच असते.

गेल्या पावसाळ्यात खानापूरची एक मुलगी प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळलेला लॅपटॉप घेऊन आली. ‘सर, प्रोटॉन परत क्लोरीनकडंच जातोय.’ तिने अमोनिया आणि एचसीएलचा एकेक रेणू घेतला होता, प्रोटॉन अमोनियाला चिकटवून जॉब (गणिताचं काम) लावला होता. ऑप्टिमायझेशनमध्ये, म्हणजे कमीत कमी ऊर्जेची रचना शोधताना, तो परतला, तर हिने नायट्रोजन-हायड्रोजन अंतरच फ्रीझ करून, म्हणजे बदलणार नाही असं बांधून टाकलं. ही सगळ्यात मोठी चूक. फ्रीझ केल्यावर मिळालेलं उत्तर रेणूचं नसतं, आपल्या हट्टाचं असतं.

या गैरसमजाचं मूळ शाळेतल्या प्रयोगात आहे. अमोनिया आणि एचसीएलच्या बाटल्यांची बुचं जवळ आणली की पांढरा धूर निघतो आणि आपण वहीत अमोनियम क्लोराइड लिहून मोकळे होतो. पण तो धूर म्हणजे असंख्य आयनांचे घन कण. निर्वातात एकटी जोडी असली की हिशेब वेगळा. एचसीएलकडून प्रोटॉन सोडवायला मोलमागे सुमारे १३९५ किलोजूल मोजावे लागतात. अमोनिया तो घेताना ८५४ परत देतो. उधारी राहिली ५४१. धन आणि ऋण आयन एकमेकांना ओढतात, त्यातून किती वसूल होतं? १३८९ या स्थिरांकाला अँगस्ट्रॉममधल्या (मीटरचा हजार कोटीवा भाग) अंतराने भागा: ३ अँगस्ट्रॉमला ४६३. म्हणजे ७८ कमीच. हा ढोबळ हिशेब झाला, पण दिशा बरोबर आहे. १९८० च्या दशकातल्या मायक्रोवेव्ह मोजणीतही ही जोडी साध्या हायड्रोजन बंधाचीच निघाली. त्या मुलीचं फ्रीझ करण्याआधीचं गणित बरोबर होतं, अपेक्षा चुकली होती.

पाण्याची प्रोटॉन ओढण्याची ताकद अमोनियाच्या ८५४ हून कमी, ६९१. म्हणून एचसीएल एकाच पाण्यात फुटत नाही. गणितं साधारण ४ रेणूंपाशी फुटलेलं रूप दाखवतात.

दुसरी चूक मी स्वतः केली आहे, म्हणून लाजत सांगतो. पाण्याच्या जोडीची बंधनऊर्जा मोलमागे २१ किलोजूल आली आणि ती मी प्रयोगातल्या १३ शेजारी ठेवून दोन दिवस बेसिस सेट (इलेक्ट्रॉनांचं वर्णन करणाऱ्या फंक्शन्सचा संच) बदलत बसलो. फरक शून्यबिंदू ऊर्जेचा, म्हणजे रेणूत कायम उरणाऱ्या किमान कंपनऊर्जेचा होता! नुसत्या इलेक्ट्रॉनिक ऊर्जेचं गणित २१ देतं, शून्यबिंदू ऊर्जा धरल्यावर १३. बेसिस छोटा असेल तर रेणू एकमेकांची फंक्शन्स वापरतात आणि बंध फुगून दिसतो. ही फुगवटा काढणारी काउंटरपॉइझ दुरुस्ती करा. दूरवर पसरलेली डिफ्यूज फंक्शन्स विसरू नका. बी३एलवायपी ही गणिताची पद्धत नुसती वापरू नका, रेणूंमधलं क्षीण आकर्षण धरणारी डी३ सुधारणा जोडा.

फ्रिक्वेन्सीचंही तसंच. पाण्याच्या एकट्या रेणूच्या सममित ताणाची, म्हणजे दोन्ही बंध एकदम ताणले जाणाऱ्या कंपनाची, फ्रिक्वेन्सी प्रयोगात ३६५७ प्रति सेंटिमीटर येते, बंधाला आदर्श स्प्रिंग मानणाऱ्या हार्मोनिक गणितात ३८३० च्या आसपास. तो आकडा थेट स्पेक्ट्रमवर चिकटवाल तर परीक्षक पकडणारच.

दोन पाणी आणि एक जादा प्रोटॉन असेल तर ‘हा कुणाच्या बाजूचा?’ असं विचारू नका. आपल्याकडं सीमाप्रश्नाची सवय आहे खरी, पण इथं प्रोटॉन मधोमध बसतो, ऑक्सिजन-ऑक्सिजन अंतर २.४ अँगस्ट्रॉमवर येतं. त्याला झुंडेल आयन म्हणतात.

त्या मुलीला मी फ्रीझ काढायला लावलं आणि भोवती पाण्याचे ३ रेणू ठेवायला सांगितलं. पुढच्या रविवारी ती आली तेव्हा प्रोटॉन आपणहून नायट्रोजनकडं गेला होता. यादीत वरतीच मात्र एक निगेटिव्ह फ्रिक्वेन्सी होती. ‘ही चालेल का, सर?’ चालत नाही; रचना अजून किमान ऊर्जेला पोचली नाही, असा तिचा अर्थ. त्या कंपनाच्या दिशेने अणू थोडे सरकव आणि जॉब पुन्हा लाव, एवढं सांगून मी चहा ठेवायला उठलो.