हवामान ॲपला लोकेशन नाकारलं की अंदाज दिसत नाही: माझा अनुभव

परवानगी नाकारली की ॲप रिकामं, आणि ‘नेहमी’ दिली तर ते बंद असतानाही लोकेशन घेत राहतं. कॅशे (ॲपनं साठवलेली तात्पुरती माहिती) साफ केली, ॲप काढून पुन्हा टाकलं, फरक शून्य. अगदी वैताग आला.

अँड्रॉइड १२ किंवा त्यापुढे उपाय असा: सेटिंग्ज, लोकेशन, ॲप परमिशन्स, मग ते ॲप. आधी ‘फक्त ॲप वापरताना’ निवडा, नंतर त्याखालचं ‘अचूक लोकेशन’ बंद करा. आता ॲपला साधारण ३ चौरस किलोमीटरचा परिसर कळतो, नेमकं घर नाही. पावसाच्या अंदाजाला तेवढं पुरतं. नकाशाला मात्र अचूकच लागतं, नाहीतर वळणं चुकतात. विजेट (होम स्क्रीनवरचा हवामानाचा छोटा चौकोन) अडलं, तर शहराचं नाव हातानं टाका. सेटिंग्जमधल्या प्रायव्हसी डॅशबोर्डमध्ये कोणत्या ॲपनं लोकेशन कधी घेतलं, ते दिसतं.