पहिला अंडरवॉटर कॅमेरा: दारं नीट बंद करा, माशाच्या जवळ जा

पहिला कॅमेरा म्हणून हाउसिंगशिवाय (कॅमेऱ्याभोवती बसवायच्या जलरोधक डब्याशिवाय) पाण्यात चालणारा छोटा कॉम्पॅक्ट कॅमेराच घ्या. ऑलिम्पसचा टफ टीजी-६ (२०१९) किंवा त्यानंतर आलेला ओएम सिस्टिमचा टीजी-७ (२०२३) १५ मीटर खोलीपर्यंत तसाच नेता येतो. मालवण-तारकर्लीच्या स्नॉर्केलिंगला आणि नवख्यांच्या डाइव्हला एवढं पुरतं. त्याहून खोल जायचं तर हाउसिंग लागतंच. गोप्रो व्हिडिओला उत्तम, पण त्याच्या वाइड लेन्समध्ये बोटभर मासा ठिपक्याएवढा दिसतो.

कॅमेऱ्यात पाणी शिरतं ते बहुतेक वेळा बॅटरी-कार्डाच्या किंवा केबलच्या दारातून. दाराच्या आतल्या रबरी सीलवर एक केस, वाळूचा कण किंवा सुकलेलं मीठ राहिलं, की तिथे बारीक फट उरते. १० मीटरवर दाब पृष्ठभागाच्या दुप्पट होतो आणि त्या फटीतून पाणी आत ढकललं जातं. म्हणून बॅटरी आणि रिकामं कार्ड आदल्या रात्री, खोलीतच घाला. किनाऱ्यावर किंवा होडीत दार उघडू नका. सील आणि ते जिथे टेकतं ती कड, दोन्ही तंतू न सुटणाऱ्या कोरड्या कापडाने पुसा आणि उजेडात तिरपं धरून पाहा. दार बंद केल्यावर लॉक पूर्ण सरकलंय ना, हे नखाने चाचपून बघा. सिलिकॉन ग्रीस हाउसिंगच्या ओ-रिंगसाठी (गोल रबरी सीलसाठी) असतं, ते इथे चोपडू नका. सील वरून धड दिसलं तरी वर्षातून एकदा सर्व्हिस सेंटरमधून बदलून घ्यावं.

कॅमेरा हातातून सुटला तर बुडतो. स्नॉर्केलिंगला मनगटाच्या पट्ट्याऐवजी तरंगणारा पट्टा लावा, आणि तो कॅमेऱ्याचं वजन पेलतो का, हे आधी बादलीत पाहा.

रंगांचं गणित वेगळं आहे. पाणी लाल रंग सर्वांत आधी शोषतं. पाचेक मीटरवरच तो बराचसा गेलेला असतो आणि फोटो निळा-हिरवा येतो. कॅमेरा अंडरवॉटर मोडवर ठेवा आणि व्हाइट बॅलन्स (रंगांचा तोल सावरणारं सेटिंग) पाण्याच्या खोलीप्रमाणे निवडा. टीजी-६ मध्ये उथळ, मध्यम आणि खोल असे तीन पर्याय आहेत. सोबत रॉ फाइलही (कॅमेऱ्याने प्रक्रिया न केलेली मूळ फाइल) ठेवली तर रंग घरी दुरुस्त करता येतो.

फ्लॅश बंद. कोकण किनाऱ्याच्या पाण्यात गाळाचे कण पुष्कळ असतात. लेन्सला चिकटून असलेल्या फ्लॅशचा उजेड त्यांच्यावरून परततो आणि फोटोभर पांढरे ठिपके येतात. झूमही नको. लेन्स आणि मासा यांच्यामधलं पाणी जितकं कमी, तितका फोटो स्वच्छ. हातभर अंतर ही कमाल मर्यादा धरा. पाठलाग केलेल्या माशाची शेपटीच मिळते. एका जागी स्थिर राहिलात की तो फिरून येतो. फोटो वरून खाली काढण्यापेक्षा माशाच्या पातळीला या, लेन्स किंचित वर रोखा. बटण अर्धं दाबून माशाच्या डोळ्यावर फोकस लॉक करा, मग फोटो टिपा.

यासाठी शरीर स्थिर हवं. पाण्यात तरंगतं राहणं अजून जमत नसेल तर त्या डाइव्हला कॅमेरा नेऊच नका. तोल सावरायला हात प्रवाळावर जातो, आणि हे प्रवाळ इंचाइंचाने, वर्षानुवर्षं वाढलेलं असतं. कठीण प्रवाळाला १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्याचं संरक्षणही आहे.

बाहेर आल्यावर दार न उघडता कॅमेरा गोड्या पाण्याच्या बादलीत अर्धा तास बुडवून ठेवा आणि मधूनमधून सगळी बटणं दाबा, म्हणजे फटींतलं मीठ सुटेल. नळाची जोरदार धार सीलवर सोडू नका. नंतर सावलीत पूर्ण वाळवा, दाराभोवतीचा शेवटचा थेंब टिपा आणि मगच कार्ड काढा.

लेन्सच्या आत धुकं दिसलं, तर बहुधा दमट हवेत दार बंद केलेलं असतं. एसी खोलीत दार उघडं ठेवून वाळवा, पुढच्या वेळी तिथेच बंद करा. थेंब दिसले तर मात्र कॅमेरा चालू करून बघायचा नाही: लगेच बंद करा, बाहेरून पुसा, बॅटरी काढा आणि सर्व्हिस सेंटर गाठा.